टाळलेला त्रास कुठे जातो?

रोजचा त्रास एकेकटा घेतला तर किरकोळ असतो. डास चावणे, चिखलात चप्पल रुतणे, नेमकी हवी तेव्हा वीज जाणे, धुऱ्यावरून शेजाऱ्याशी दोन शब्द होणे, कापसाची गाडी घेऊन दिवसभर रांगेत उभे राहणे, यांतल्या कशाचीही बातमी होत नाही. तरीही माणसाच्या दिवसाची आखणी बरीचशी याच गोष्टी चुकवण्यासाठी झालेली असते. घराबाहेर कधी पडायचे, कोणत्या वाटेने जायचे, बियाणे कोणते पेरायचे, माल कोणाला विकायचा, या सगळ्या निर्णयांत फायद्याच्या हिशेबाइतकाच कटकट टाळण्याचा हिशेब असतो. हा दुसरा हिशेब सहसा कोणी पुरता मांडत नाही. तो मांडला तर असे दिसते, की टाळलेला त्रास बहुधा संपत नाही. तो वेळ बदलतो, रूप बदलतो किंवा ज्याला व्हायचा तो माणूस बदलतो.

यवतमाळ जिल्ह्यातला राळेगाव तालुका हा हिशेब मांडायला सोयीचा आहे. एका अंगाला वर्धा नदी आणि पलीकडे वर्धा जिल्हा, दुसऱ्या अंगाला केळापूर तालुक्याकडे जाणारे जंगलपट्टे, मधल्या काळ्या जमिनीवर कापूस, सोयाबीन आणि तूर. नागपूर-हैदराबाद महामार्ग वडकीवरून जातो. आतली गावे मात्र अजून पांदण रस्त्यांच्या भरवशावर आहेत. इथल्या कामांना जसा हंगाम आहे तसा त्रासांनाही आहे. शेतीचे वर्ष उन्हाळ्याच्या शेवटी सुरू होते, म्हणून सुरुवात उन्हापासून केलेली बरी.

मे महिन्यात यवतमाळ जिल्ह्यात पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो. २५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की नवतपा लागतो आणि दुपारी बारा ते चार गावातले व्यवहार जवळजवळ थांबतात. कामे पहाटे उरकायची, डोक्याला दुपट्टा गुंडाळायचा, भर दुपारी घरातच थांबायचे, ही ऊन टाळण्याची जुनी रीत. तिला खर्च नाही आणि ती कोणाच्या वाट्याचे ऊन वाढवत नाही. टाळण्याच्या इतक्या निर्दोष रीती फारशा सापडत नाहीत. नवी रीत कूलरची. विदर्भात कूलर ही चैन समजली जात नाही, हुंड्यात आणि आंदणात त्याला पक्की जागा मिळाली त्यालाही बरीच वर्षे झाली. कूलरचे काम साधे आहे. पाण्याची वाफ होताना ते भोवतालच्या हवेतली उष्णता ओढून घेते. हवा जितकी कोरडी तितके बाष्पीभवन जास्त, म्हणून मेमधल्या कोरड्या दुपारी कूलर खोलीचे तापमान दहा अंशांहूनही अधिक उतरवू शकतो. मृगाचे ढग आले, हवा दमट झाली, की तोच कूलर निरुपयोगी होतो. पंखा फिरतो, पाणी उडते आणि अंग चिकचिकते.

कूलर निरुपयोगी होतो तेव्हाच त्याचे दुसरे काम सुरू होते. टाकीत पाणी तसेच राहते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच स्वच्छ, साचलेले, सावलीतले पाणी लागते. अंड्यापासून उडणारा डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एक दिवस भांडी आणि टाक्या कोरड्या ठेवा, हा आरोग्य विभागाचा कोरडा दिवस याच गणितावर बेतलेला आहे. पण नुसते पाणी ओतून दिल्याने भागत नाही. या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या उन्हाळ्यात टाकी भरली की ती फुटतात. टाकी घासूनच काढावी लागते. शिवाय एडिस दिवसा चावतो, त्यामुळे रात्रीची मच्छरदाणी त्याच्यापुढे अर्धीच कामाची. मेमधली उकाड्याची कटकट अशी ऑगस्टमधला ताप होऊन शेजारच्या घरीही जाते. शेजाऱ्याकडे कूलर आहे की नाही, हे डास पाहत नाही.

पाऊस पडला की काळ्या मातीची पाळी येते. या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात पाऊल जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात त्याच जागी घोट्यापर्यंत चिखल होतो. कपाशी पावसाच्या खंडात तग धरते ती याच मातीच्या ओल धरण्याच्या गुणामुळे, आणि बंडी चाकापर्यंत फसते तीही त्याच गुणामुळे. जुलै-ऑगस्टमध्ये पांदणीतून खताची गोणी वावरात नेणे हे दिवसाचे मुख्य काम होऊन बसते. म्हणून शेतकरी खत आधीच, जमीन कोरडी असताना वावरात टाकून ठेवतो किंवा दोनदा द्यायचा हप्ता एकदाच देतो. दुसऱ्या प्रकारात नत्राचा बराच भाग पावसाबरोबर वाहून जातो.

पांदणीचे दुखणे चिखलापेक्षा अधिक माणसांचे असते. धुरा दर वर्षी वखराच्या एका फेरीने इकडे किंवा तिकडे सरकतो. पांदणीच्या दोन्ही बाजूंचे शेतकरी वीतभर पुढे येतात आणि काही वर्षांत बंडीची वाट पायवाट होते. ज्याचे वावर शेवटी आहे, त्याची अडचण सर्वांत मोठी आणि तक्रार करायची हिंमत सर्वांत कमी, कारण त्याला रोज याच लोकांच्या बांधावरून जायचे असते. कायद्यात वाट आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदार शेतरस्त्यातला आणि पाण्याच्या प्रवाहातला अडथळा दूर करण्याचा आदेश देऊ शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली दुसऱ्याच्या बांधावरून वाट मागता येते. पण अर्ज करणे म्हणजे संबंध तोडणे, असे गावात मानतात, आणि ते अगदी खोटेही नाही. लग्नकार्यात, दुखण्या-खुपण्यात, ट्रॅक्टर फसला तर ओढायला हीच माणसे लागतात. मग भांडण टाळायचे म्हणून वाद मनात ठेवला जातो आणि बापाचा वाद मुलाकडे वारशाने येतो. तोवर साक्षीदार गेलेले असतात, खुणेचे झाड तोडलेले असते आणि मोजणीचा नकाशा व ताबा यांचा मेळ बसत नसतो.

या सवयीचा अंदाज शासनालाही आलेला दिसतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आली. तिच्यात रोजगार हमीच्या निधीतून रस्ते मजबूत करायचे ठरले. जानेवारी २०२३ मध्ये सलोखा योजना आली. एका शेतकऱ्याची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात, दुसऱ्याची पहिल्याच्या ताब्यात, आणि हे निदान १२ वर्षे चालू असेल, तर दोघांनी संमतीने अदलाबदल नोंदवावी; त्यासाठी मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये एवढेच नाममात्र. योजना चांगली आहे. तिचा लाभ मात्र त्यांनाच मिळतो जे अजून एकमेकांशी बोलतात, आणि एवढा काळ वाद टाळत आलेल्यांत असे थोडेच उरतात.

पेरणी साधली की निंदण येते. कपाशीच्या दोन तासांमधले गवत डवऱ्याने निघते. झाडाच्या बुडाशी असलेले हाताने काढावे लागते. हे काम जवळजवळ पूर्णपणे बायकांचे आहे. भर पावसात किंवा पाऊस उघडल्यावरच्या उमसीत दिवसभर वाकून खुरपे चालवायचे. सगळ्यांचे निंदण एकाच पंधरवड्यात येते, त्यामुळे मजूर मिळत नाही. मिळाला तर मजुरी वाढलेली असते आणि बाहेरगावाहून आणायचा तर ऑटोचे भाडे वर. ही ओढाताण टाळण्याची इच्छा इतकी जबर आहे, की तिच्यावर बेकायदा बियाण्याचा एक बाजार उभा राहिला. तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कपाशीला भारतात परवानगी नाही. तरी ती पाकिटे हंगामात चोरवाटेने येतात आणि लोक तिला सरळ चोर बीटी म्हणतात. पावती नाही, लेबल खरे असेलच असे नाही, उगवले नाही तर तक्रार कोणाकडे करणार? तरीही घेणारे घेतात, कारण पावसाळ्यात मजुरासाठी दारोदार फिरणे त्यांना या जोखमीपेक्षा जड वाटते. ज्या बायकांचा निंदणाचा रोज बुडतो त्यांचा हिशेब या चर्चेत सहसा येत नाही. कोलाम आदिवासींच्या पोडांवरच्या, म्हणजे वस्त्यांवरच्या, आणि गावातल्या भूमिहीन घरांना पावसाळ्यातला तो रोज दुकानाची उधारी फेडायला लागतो.

त्रास टाळण्याची किंमत जीवानेही मोजावी लागते. याचे सर्वांत कडू उदाहरण यवतमाळ जिल्ह्यानेच पाहिले आहे. कीटकनाशक फवारताना हातमोजे, मुखपट्टी, चष्मा, पूर्ण अंग झाकणारे कपडे घालावेत, असे प्रत्येक डब्यावर छापलेले असते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उन्हात, पाठीवर पंप घेऊन, हे सगळे अंगावर चढवले की काही मिनिटांत श्वास कोंडतो आणि चष्मा धुरकट होतो. म्हणून फवारणारा शर्टाच्या बाह्या सरसावून, तोंडाला फार तर दुपट्टा बांधून उतरतो. बहुतेक हंगामांत डोके दुखणे, डोळे चुरचुरणे एवढ्यावर भागते आणि ते कोणी मोजत नाही. २०१७ मध्ये भागले नाही. त्या वर्षी कपाशी ठिकठिकाणी माणसाच्या उंचीच्या वर गेली होती, फवारा वरच्या दिशेने मारावा लागत होता आणि तो अंगावरच परत येत होता. बॅटरीवरच्या नव्या पंपांचे तुषार अधिक बारीक होते. एकात एक औषधे मिसळण्याची सवय होतीच. यवतमाळ जिल्ह्यात त्या काही आठवड्यांत शेकडो लोक दवाखान्यांत दाखल झाले आणि वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. शासनाने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. यातले बरेच विष नाकातोंडापेक्षा कातडीवाटे अंगात जाते आणि घामेजलेली कातडी ते अधिक लवकर घेते. संरक्षक पोशाख या हवेत घालता येत नाही, हे फवारणाऱ्याचे म्हणणे खरे आहे. थंड देशांच्या हवेसाठी बेतलेला पोशाख विदर्भात वाटून त्याच्या न वापरण्याचा दोष मजुरावर टाकणे, हीसुद्धा एक टाळाटाळच.

आता रात्र. पीक उभे झाले की रानडुक्कर आणि रोही म्हणजे नीलगायी वावरात येऊ लागतात. डुकरांचा कळप एका रात्रीत भुईमुगाचा किंवा सोयाबीनचा तुकडा उलथून टाकतो. रोही कपाशीचे शेंडे खातात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. यावर जुना उपाय जागलीचा. वावरात माच बांधायचा, शेकोटी पेटवायची, डबे वाजवायचे, हाकारे द्यायचे. जागल करणाऱ्याला झोप नाही, थंडी आहे, साप आहे, आणि दिवसभराचे काम सुटत नाहीच. जमिनीवर झोपलेल्याला मण्यार चावली तर कित्येकदा दंशाची जागाही दिसत नाही, दुखतही नाही. म्हणून जागल टाळण्याचे उपाय निघाले. जुन्या रंगीत साड्यांचे कुंपण, न्हाव्याकडून आणलेले केस, वास मारणारी द्रव्ये, फटाके. जनावर काही दिवस बुजते आणि मग त्याला सवय होते.

त्यातल्या त्यात टिकाऊ उपाय सौर कुंपणाचा, म्हणजे गावच्या भाषेत झटका मशीनचा. हे यंत्र तारेत साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरापुरता, जास्त दाबाचा पण अत्यल्प ऊर्जेचा झटका सोडते. जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. महागडे म्हणून किंवा आळसाने काहीजण हेच काम वीजवाहिनीवर थेट आकडा टाकून करतात. घरगुती २३० व्होल्टचा प्रवाह अखंड असतो. तो स्नायू आखडवतो, तार सुटू देत नाही आणि हृदय बंद पाडतो. त्या तारेला डुक्कर शिवते, तसा शेजारचा ओलित करणारा शिवतो आणि कधी तार लावणारा स्वतःच शिवतो. दोन्ही तारा दिसायला सारख्या असतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. विजेच्या चोरीचा गुन्हा वेगळा, वन्यजीव मेल्याचा वेगळा आणि माणूस मेला तर सदोष मनुष्यवधापर्यंत जाणारा तिसरा.

डुकरांमागे वाघही येतो. २०१६ ते २०१८ या काळात राळेगाव आणि केळापूर तालुक्यांच्या जंगलपट्ट्यात टी-१ या वाघिणीने माणसे मारल्याच्या घटना होत राहिल्या. वृत्तपत्रांनी तिला अवनी म्हटले. एकूण १३ मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करण्यास नकार दिला आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यातल्या बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. तिच्या मारण्यावरून देशभर वाद झाला. या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते त्या दोन वर्षांतले रोजचे जगणे. लोक एकटे वावरात जाईनासे झाले. बायका टोळीने, मोठ्याने बोलत जात. गुराखी गावाजवळच गुरे चारत. दिवस मावळायच्या आत सगळे घरी. जागल थांबली आणि डुकरांना रान मोकळे झाले. वाघ टाळला ते रास्तच होते, पण त्या टाळण्याची वसुली डुकरांनी पिकातून केली.

रात्री वावरात जाणे ज्याला टाळता येत नाही असा माणूस म्हणजे ओलित करणारा. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याने तालुक्याच्या काही भागाला पाणी मिळाले. बाकी मदार विहिरींवर आहे. कृषिपंपांना महावितरण आलटून-पालटून दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास वीज देते. नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंडीत रात्रपाळी आली की हरभऱ्याला किंवा कपाशीला पाणी द्यायला मध्यरात्री उठून जायचे, बॅटरी घेऊन, पायात गमबूट असले तर नशीब. त्यातही मधेच वीज गेली तर थांबायचे, कारण ती कधी येईल ते ठाऊक नसते. त्रासाच्या अभ्यासात हा मुद्दा जुना आहे. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी गोंगाटावर केलेले प्रयोग १९७२ मध्ये पुस्तकरूपाने आले. ठरलेल्या अंतराने येणाऱ्या आवाजापेक्षा कधीही येणारा आवाज माणसाचे काम अधिक बिघडवतो, आणि आवाज बंद करायचे बटण हाताशी आहे एवढे कळले तरी, ते बटण न दाबताही, त्रासाचा परिणाम कमी होतो, असे त्यांना आढळले. विजेचेही तसेच. दहा तासांची रात्रपाळी त्रासाची खरी, पण त्या दहा तासांत वीज नक्की असेल एवढा भरवसा मिळाला तरी तिचा अर्धा जाच जाईल.

रात्री जाणे टाळायचा शेतकऱ्याचा तोडगा म्हणजे पंपाला बसवलेला ऑटो स्विच. वीज आली की पंप आपोआप सुरू, माणूस घरी अंथरुणात. एका पंपाला हा सोन्यासारखा उपाय आहे. पण एका डीपीवर म्हणजे रोहित्रावर असे अनेक पंप असतात. मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि वीज येताच सगळ्या मोटारी एका क्षणी सुरू झाल्या की तो भार डीपीवर पडतो. डीपी जळाली की ती उतरवायची, वर्गणी काढायची, ट्रॅक्टरने न्यायची, दुसरी येईपर्यंत वाट पाहायची. तोवर सगळ्यांचेच पीक वाळते. म्हणून महावितरण दर रब्बीला ऑटो स्विच काढा आणि पंपाला कपॅसिटर बसवा असे सांगत असते. कोणी एकट्याने काढून भागत नाही आणि सगळे मिळून काढत नाहीत. खरा मार्ग दिवसा वीज देण्याचा. २०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये नव्याने आखलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना त्याच दिशेची आहे. जिथे सौर पंप किंवा सौर वाहिनी पोचली तिथे हा एक त्रास खरोखर नाहीसा होतो. नाहीशा होणाऱ्या त्रासांची यादी लहान आहे; त्यात हा नक्की धरावा.

दसऱ्यानंतर कापूस फुटतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. वेचणारी बाई कमरेला झोळी बांधते. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटे फाटतात, पाठ धरते. पहाटेच्या दवात वेचलेला कापूस ओला म्हणून वजनदार भरतो आणि घाईत वेचलेल्यात वाळली पाती जातात. दोन्ही गोष्टी मालकाला नको असतात, पण मजूर टिकवायचा म्हणून तो बोलणे टाळतो. त्याचा भुर्दंड त्याला खरेदी केंद्रावर पडतो. भारतीय कापूस महामंडळ म्हणजे सीसीआय आठ टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव देते, पुढे बारा टक्क्यांपर्यंत दर टक्क्याला कपात करते आणि बाराच्या वर माल घेत नाही.

विक्रीची कटकट विदर्भाला नवी नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या एकाधिकार कापूस खरेदी योजनेत तीन पिढ्यांनी रांगा लावल्या आणि चुकाऱ्याची वाट पाहिली. ती योजना गेली, रांग राहिली. २०२५-२६ च्या हंगामासाठी हमीभाव मध्यम धाग्याला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याला ८,११० रुपये होता. हमीभाव घ्यायचा तर कपास किसान अ‍ॅपवर नोंदणी, सातबारावर पिकाची नोंद, आधारशी जोडलेले खाते, मिळालेली तारीख, जिनिंगच्या फाटकासमोरची गाड्यांची ओळ आणि ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा, एवढ्यातून जावे लागते. हे सगळे टाळायचे तर गावातच व्यापारी काटा घेऊन येतो. त्याला कागद लागत नाही, रोख हातात देतो आणि भाव कमी लावतो. भावातला फरक म्हणजे रांग टाळण्याची फी. ती सर्वांत जास्त तो देतो ज्याच्याकडे पाचदहा क्विंटलच कापूस आहे, कारण तेवढ्यासाठी गाडीभाडे आणि दिवस मोडणे त्याला परवडत नाही.

ज्याला थांबणे परवडते तो कापूस घरात भरतो. २०२१-२२ मध्ये भाव दहा हजारांवर गेला होता. त्या आठवणीवर पुढच्या हंगामात अनेकांनी कापूस विकला नाही. खोल्या, पडव्या, माजघरे भरली. भाव चढण्याऐवजी उतरला आणि घरात खाज सुरू झाली. साठवलेल्या कापसाच्या खोलीत झोपणाऱ्यांच्या अंगावर बारीक लाल पुरळ उठते, रात्री खाज वाढते आणि घरातली मुले हैराण होतात. अशा खाजेचे एक ओळखीचे कारण म्हणजे डोळ्याला न दिसणारी एक कोळी जातीची कीड. ती कापसातल्या आणि सरकीतल्या अळ्यांवर जगते, माणूस वाटेत आला म्हणून त्याला चावते आणि त्याच्या अंगावर घर करत नाही. खरजेशी तिची गल्लत होते ती यामुळे, की चावल्यावर खाज कित्येक तासांनी सुटते आणि तोवर माणूस कापसापासून दूर गेलेला असतो. मलम लावून फारसे साधत नाही. कापूस हलवावा, झोपायची खोली वेगळी करावी, कपडे गरम पाण्यात धुवावेत, हाच उपाय. जागेअभावी तोच अनेकांना अशक्य असतो.

या खाजेचे बी अनेकदा त्या अळीतच असते, म्हणजे गुलाबी बोंडअळीत. तिची कथा टाळण्याच्याच कथेचा शेवटचा भाग आहे. बोंडअळ्यांसाठी फवाऱ्यामागून फवारे मारणे टाळता यावे म्हणून २००२ मध्ये बीटी कपाशी आणि २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी आली. अळीने या कपाशीतल्या विषाला सरावू नये म्हणून प्रत्येक ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जाई. ते वावराच्या कडेने लावायचे होते. त्या ओळींवर अळ्या पडणार आणि त्यांच्याकडे पाहत बसावे लागणार, हे बहुतेकांना पटले नाही. पाकीट फेकले गेले किंवा बांधावर पडून राहिले. काही वर्षांत गुलाबी अळी बीटीला दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रभर बोंडे आतून पोखरलेली निघाली. त्याच हंगामातल्या फवारणीने काय झाले, हे वर आलेच आहे.

आता उरला प्रश्न फरदडीचा, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीचा. डिसेंबरअखेर पीक उपटून पऱ्हाट्या बाहेर काढणे हे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. पाण्याची सोय असेल तर एक ओलित देऊन फेब्रुवारी-मार्चपर्यंत चार बोंडे आणखी मिळतात, मग उपटायची घाई कशाला, असा विचार होतो. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि कृषी विभाग दरवर्षी फरदड घेऊ नका असे सांगतात, त्याचे कारण साधे आहे. गुलाबी बोंडअळीला कपाशीखेरीज दुसरे फारसे खाणे नाही. डिसेंबरनंतर शिवारात कपाशी राहिली नाही तर तिची साखळी तुटते. फरदडीतल्या शेवटच्या बोंडांत आणि रचून ठेवलेल्या पऱ्हाट्यांत ती सुप्तावस्थेत उन्हाळा काढते, पावसाळ्यात पतंग होऊन बाहेर पडते आणि पुढच्या पिकाच्या पहिल्या पात्या-फुलांवर अंडी घालते, मग ते वावर फरदड घेणाऱ्याचे असो की त्याच्या धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्याचे.